धरणगावातला समुद्र

अर्शी: कोपऱ्यात म्हणजे नेमकं कुठं, नाना? खाली, उजवीकडे?

तोताराम: हो. घड्याळ असतं ना तिथं, त्याच्या जरा वर. आधी घंटा होते, बारीकशी. मग निळं येतं.

कुंदाबाई: तू आधी चहा घे पोरी. निळं येवो नाहीतर पिवळं येवो, चहा गार होई जाई.

अर्शी: घेते, काकू. निळं म्हणजे काय येतं? अक्षरं असतात की चित्र?

तोताराम: समुद्र असतो.

अर्शी: समुद्र.

तोताराम: लहानसा. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. वाळूवर एक बाई उभी असते, पाठमोरी, ओढणी वाऱ्यावर गेलेली. अन् खाली लिहिलेलं असतं, 'तोताराम, आम्ही तुमची वाट पाहत आहोत.' माझं नाव असतं, अर्शी. मी चष्मा नीट करेपर्यंत सगळं निघून जातं.

अर्शी: रोज येतं?

तोताराम: बहुतेक दुपारी. तुझी काकू आत आडवी झालेली असते, मी इथं खुर्चीत. गल्लीत कुत्रंसुद्धा हलत नाही. त्या वेळेला मी जागा असतो की झोपेत, मलाच धड सांगता येत नाही. अन् घंटा होते.

कुंदाबाई: ऐकलं ना? होळीपासून हेच चालू शे. मी नवीनले फोनवर सांगितलं, लपवून काय करू? पोटचा पोरगा शे.

अर्शी: काकू, तुम्ही पाहिलंय का ते?

कुंदाबाई: मी कुठून पाहू! हे हाक मारतात, मी उठून येते, बाहेर आग लागलेली म्हणून कूलर लावते, यांच्या बाजूला बसते. बसले बसले, काही नही. मग हे माझ्याकडे बघतात अन् मी यांच्याकडे. शेजारचे लीलाधरभाऊ आले, त्यांनाही बसवलं. त्यांनी दोनदा चहा घेतला अन् गेले. पाडव्याला नवीन आला, तो तर संध्याकाळपर्यंत खुर्ची सोडून उठला नही. काही आलं नही, काही वाजलं नही. जाताना मोरीजवळ मला बाजूला घेऊन म्हणाला, आई, बाबांना पुण्याला मोठ्या डॉक्टरला दाखवू या. आता तुम्ही दोघांनी इथं राहायचं नाही, रविवारी गाडी घेऊन येतो, घराला कुलूप लावून टाकू.

तोताराम: कुलूप म्हणाला नव्हता तो.

कुंदाबाई: तुमच्यासमोर नव्हता म्हणाला.

अर्शी: नाना, तुम्ही मला आधीच का नाही बोलावलं? माझं तर दुकानच हे आहे. जळगावला रोज दोन-चार कॉम्प्युटर असेच येतात माझ्याकडे.

तोताराम: बोलावणार होतो. मग वाटलं, गनीच्या मुलीला बोलवायचं अन् तिनंही सांगायचं की यात काही नाही. तुझा बाप नरडाणा स्टेशनात माझ्या हाताखाली पॉइंट्समन होता. कितीही पाऊस असो, रुळांचा सांधा नीट बसलाय का ते स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यानं मला कधी 'बरोबर आहे साहेब' म्हटलं नाही. त्याच्या घरातून 'काही नाही' आलं असतं, तर मला मानावंच लागलं असतं.

अर्शी: अब्बांनी काल रात्री मला सांगितलं, स्टेशन मास्तर साहेबांचा फोन होता, आवाज बरा नव्हता, उद्या दुकान बंद ठेव पण जा. म्हणून आले. आता ऐका. तुम्ही सांगता ते ऐकून मला तरी भुताखेताचं काही वाटत नाही. याला अ‍ॅडवेअर म्हणतात. जाहिराती आणणारा चोरटा प्रोग्रॅम. आपण काहीतरी फुकटचं घेतो, त्याच्या आडून हा शिरतो, अन् मग दिवसभर खिडक्या उघडत बसतो. मी सगळं झाडून काढते. संध्याकाळच्या पॅसेंजरच्या आत होईल.

तोताराम: नको.

अर्शी: नको?

तोताराम: झाडून काढ, पण आत्ता नको. आधी कुंदाला दिसू दे.

कुंदाबाई: अहो, ती कामं टाकून आली शे. करू द्या तिला.

तोताराम: कुंदा, हिनं आत्ता पुसून टाकलं, तर उद्यापासून समुद्र येणार नाही. तो यंत्रातून गेला की माझ्या डोक्यातून गेला, हे मला कधीच कळणार नाही. तुलाही नाही. रविवारी नवीन विचारेल, तेव्हा तू काय सांगशील?

कुंदाबाई: आणि आज बी नही आला तर?

तोताराम: तर मी रविवारी गाडीत बसतो. पुढच्या सीटवर बसतो, कुरकूर करत नाही.

कुंदाबाई: असं नका बोलू. माले भीती वाटते. म्हणूनच तर मी हल्ली तुमच्याजवळ येऊन बसत नही. नही आला की तुमचं तोंड बघवत नही माझ्यानं.

अर्शी: बरं. मग थांबू या. थांबता थांबता मला एक सांगा, नाना. हा आत आला कसा? काय घेतलं होतं तुम्ही?

तोताराम: एक खेळ. स्टेशन चालवायचा. गाड्या घ्यायच्या, सोडायच्या, सिग्नल द्यायचे. फुकट होता. त्या पानावर 'डाउनलोड' लिहिलेली पुष्कळ बटणं होती. मी सगळ्यात मोठं, हिरवं, ते दाबलं.

अर्शी: तेच खोटं असतं. खरं बटण कुठंतरी बारीक अक्षरात बसलेलं असतं. मग पुढे?

तोताराम: मग त्यानं विचारलं, पुढे जाऊ? मी म्हटलं जा. पुन्हा विचारलं, पुढे? जा. मधे मधे चौकोनात बरोबरच्या खुणा आधीच करून ठेवलेल्या होत्या.

अर्शी: त्या काढायच्या असतात. प्रत्येक खूण म्हणजे एक बिनतिकिटाचा. अन् घंटा? ती कधीपासून?

तोताराम: ती मग सुरू झाली. कुठलंही पान उघडलं की वर पाटी यायची, ही साइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते. खाली दोन बटणं, अलाउ अन् ब्लॉक.

अर्शी: अन् तुम्ही अलाउ दाबलं.

तोताराम: दाबलं.

अर्शी: कितींना?

तोताराम: ज्यानं विचारलं त्याला.

कुंदाबाई: या माणसानं उभ्या जन्मात कोणाला नही म्हटलं असेल तर शपथ.

तोताराम: नाही म्हणायचं काय त्यात? तुला सांगतो अर्शी, आमच्या वेळेला दोन स्टेशनांच्या मधे तार होती अन् टेबलावर घंटा. शेजारचा मास्तर घंटा द्यायचा. म्हणजे विचारायचा, माझ्याकडे गाडी उभी आहे, घेता का? मी 'लाइन क्लिअर' दिली की मगच ती सुटायची. त्या गाडीत माणसं असायची, लेकरं असायची, कोणी दवाखान्यात निघालेलं असायचं. मी इथं डुलकी घेतली, तर ती तिथं अंधारात उभीच. नोकरी लागली तेव्हा एका म्हाताऱ्या मास्तरांनी सांगितलं होतं, पोरा, जेवत असशील तर हात धुऊ नकोस, आधी घंटेला उत्तर दे. तेवढं एक मी धरून ठेवलं. निवृत्त झालो तरी झोपेत हात टेबलावर जातो.

कुंदाबाई: झोपेत 'लाइन क्लिअर' म्हणतात. मी जागी होते अन् म्हणते, दिली हो, गेली गाडी, झोपा आता.

तोताराम: म्हणून इथं घंटा वाजली, कोणीतरी विचारतंय असं दिसलं, की बोट आपोआप जायचं. वाटायचं, पलीकडे कोणीतरी खोळंबलं असेल.

अर्शी: अन् नाव? तुमचं नाव त्यांना कसं कळलं?

तोताराम: एकदा लिहून आलं, तुम्हाला समुद्रकाठची सहल लागली आहे, नाव लिहा. लिहिलं.

कुंदाबाई: काय! माले नही सांगितलं.

तोताराम: काय सांगू? आयुष्यभर रेल्वेचा पास खिशात, अन् तुला समुद्र दाखवला नाही. दर वर्षी कोणाचं ना कोणाचं लग्न, नाहीतर बदली माणूस मिळायचा नाही. म्हटलं, लागली असेल खरंच, तर एकदम तिकिटंच हातात ठेवू तुझ्या.

कुंदाबाई: मी कधी मागितला होता समुद्र?

तोताराम: सुरतेच्या फलाटावर विचारलं होतंस, इथून किती लांब शे. आपली लेक डिंपल कडेवर होती तेव्हा.

कुंदाबाई: तुम्हाले ते याद शे?

अर्शी: नाना, एकच विचारते. बँकेच्या कार्डाचा नंबर दिला का?

तोताराम: ते विचारलं तेव्हा उठून गेलो. सहल लागली म्हणतो अन् पाकीट मागतो, हे बरं नाही वाटलं.

अर्शी: वाचलात. थांबा जरा, मी बघते तरी कोणा-कोणाला परवानगी आहे ते. अरे... नाना, नेट चालू नाही का?

तोताराम: असेल की. असतं.

अर्शी: नाही ना. इथं खाली खूण आहे बघा, तुटलेली. आल्यापासून गप्पाच मारतेय मी, बघितलंच नाही. राउटर कुठं आहे तुमचा? तो पांढरा डबा, दिवे लुकलुकतात तो?

कुंदाबाई: तो काय कूलरच्या मागे. कॉम्प्युटरचं सोडलं तर या खोलीत पिन लावायला एकच तर बटण शे नीट. तू आलीस, घामाघूम झालेली, म्हणून मी त्याची पिन काढली अन् कूलरची लावली.

अर्शी: काकू. लीलाधरभाऊ आले तेव्हा?

कुंदाबाई: पाहुण्याला काय उन्हात बसवू? लावला कूलर.

अर्शी: नवीनभाऊ आले तेव्हा?

कुंदाबाई: पुण्याहून आलेला पोरगा. सकाळपासून लावून ठेवला होता.

अर्शी: अन् तुम्ही स्वतः येऊन बसायच्या तेव्हा?

कुंदाबाई: तेव्हा बी... थांब. म्हणजे?

अर्शी: म्हणजे नाना एकटे असले की कूलर बंद, नेट चालू. कोणी शेजारी येऊन बसलं की कूलर चालू, नेट बंद. नेट नाही तर जाहिरात येणार कुठून? माणूस आला की तुम्हीच समुद्राचं दार लावत होता.

तोताराम: कुंदा, ती पिन काढ.

कुंदाबाई: मी नही हात लावत त्याले आता. तुम्ही काढा.

अर्शी: मी काढते. खुर्च्या जवळ घ्या दोघं. उकडेल, पण थांबू या.

(कूलर बंद होतो. अर्शी राउटरची पिन लावते, त्याचे दिवे लुकलुकू लागतात.)

कुंदाबाई: किती शांत झालं. कूलर बंद झाला की असं वाटतं, घर कुठंतरी उतरून गेलं.

तोताराम: अशीच असते दुपार रोज. तू आत असतेस. लिंबाचं पान पडलं तरी कळतं. मालगाडी लांबून येते, आधी खिडकीच्या गजात येते, मग कानात. मला वाटतं मी टेबलाशी बसलोय, बाहेर गनी कंदील पुसतोय. मग वाटतं नाही, ते सगळं झालं, मी घरी आहे. अन् या दोन्हीच्या मधे कुठंतरी ते निळं येतं. खरं सांगू? मला भीतीही वाटायची अन् वाटही बघायचो.

कुंदाबाई: त्या बाईची?

तोताराम: वाऱ्याची. तिची ओढणी उडायची ना, तेवढी थंडी वाटायची इथं.

अर्शी: चित्र होतं, नाना. उडत नसणार.

तोताराम: नसेल. मला उडताना दिसायची.

कुंदाबाई: लहान होते तेव्हा मी विहिरीत वाकून बघायची. आत आभाळ असायचं. माय म्हणायची, जास्त नको बघू, बोलावून घेईल. तशी भीती वाटते माले या डब्याची.

अर्शी: काकू, डोळे मिटू नका. तिकडं बघा. कोपऱ्यात.

कुंदाबाई: बघते शे. घाम डोळ्यात जातो. काही नही येत, पोरी. नही येणार. मी म्हणते, जाऊ द्या आता, रविवार आला की...

तोताराम: गप. घंटा झाली.

अर्शी: आली. काकू, बघा. बघा लवकर. मी त्याच्यावर बाण ठेवते, म्हणजे जाणार नाही.

तोताराम: कुंदा? दिसतंय का तुला? कुंदा, बोल की.

कुंदाबाई: माले दिखनं.

तोताराम: काय दिसलं?

कुंदाबाई: समुद्र शे. बाई शे, पाठमोरी. अन् तुम्हनं नाव शे. माले बी दिखनं हो. तुम्हनं डोकं ठिकाणावर शे, बठ्ठं, सगळं ठिकाणावर शे. मी मेली, पोराला फोन करकरून सांगत बसली...

तोताराम: रडू नकोस. तू काय करणार? तुला नाही दिसलं तर नाही दिसलं म्हणालीस. मीही तेच केलं असतं.

कुंदाबाई: तुम्ही असं नसतं केलं. तुम्ही म्हणाले असते, दिसला, चल झोप.

अर्शी: पाणी आणते मी. दोघांनी प्या. मग हे काढू या. नाना, खुर्ची इकडे घ्या, माउस तुम्ही धरा. मी सांगते, तुम्ही दाबा.

तोताराम: मी?

अर्शी: दिलेली परवानगी ज्यानं दिली त्यानंच परत घ्यायची. हे बघा, इथं सगळ्यांची नावं आहेत. कोणी कर्ज देणारा, कोणी केस उगवणारा, कोणी लॉटरीवाला. एकेकाला काढा.

तोताराम: हे सगळे माझ्या लाइनीवर उभे होते?

अर्शी: हो. म्हणून तर कॉम्प्युटर रांगत होता. आता हे हवामान दाखवणारं ब्राउझरमध्ये चिकटलंय, ते काढा. आता कंट्रोल पॅनल. त्या खेळाच्या दिवशी आणखी कोण कोण आलं ते बघू. हा खेळ, हा त्याच्याबरोबरचा, अन् हा जो म्हणतो मी तुमचा कॉम्प्युटर स्वच्छ करतो, तो तर सगळ्यात लबाड. तिघांनाही काढा.

तोताराम: खेळही?

अर्शी: खेळही. तुम्हाला हवा तर मी चांगला शोधून देईन, बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरून. आता तपासणी लावू, ती चालू दे. नाना, एक विचारू? लाइनीवर गाडी उभी असताना मागून कोणी घंटा दिली, तर द्यायचात लाइन क्लिअर?

तोताराम: काय बोलतेस! एकावर एक आदळतील. कधीच नाही.

अर्शी: मग गप्प बसायचात?

तोताराम: गप्प कसं बसेन? उत्तर द्यायचो. नाही घेता येत, थांबव तिकडेच, असं कळवायचो. साहेब लोक ओरडायचे, एक्सप्रेस खोळंबली म्हणून. ओरडू दे. तेही उत्तरच झालं की... अच्छा.

अर्शी: एवढंच. ब्लॉक म्हणजे तेच उत्तर.

तोताराम: एवढी वर्षं ते केलं, अन् इथं घरात येऊन विसरलो.

अर्शी: झालं. बंद करून पुन्हा चालू करा. बघा, किती लवकर उठला. आता एखादं पान उघडा, कुठलंही. बातम्यांचं उघडा.

तोताराम: आली. पाटी आली. 'सूचना पाठवू इच्छिते.'

अर्शी: मी काही सांगत नाही.

तोताराम: ...ब्लॉक. गेली. काही राग नाही धरला तिनं.

कुंदाबाई: शिकले एकदाचे. अन् ती बाई? ती गेली का?

अर्शी: गेली. आता नाही येणार.

तोताराम: गेली तर गेली. बरं झालं. जरा सुनं वाटतं, पण बरं झालं.

कुंदाबाई: पाठमोरी होती म्हणून सोडली मी तिला. तोंड दाखवलं असतं तर विचारलं असतं दोन शब्द.

अर्शी: काकू, मी निघते. पॅसेंजर चुकेल. अन् एक एक्स्टेंशन बोर्ड घ्या बाजारातून, म्हणजे कूलर आणि नेट दोन्ही चालेल.

तोताराम: अजून वेळ आहे गाडीला, बस. आज तिचा आवाज अजून खिडकीत आला नाही. गनीला सांग, साहेबांचा सांधा बरोबर आहे. मुलीनं स्वतः बघितलाय म्हणावं.

कुंदाबाई: बसा दोघं, मी कूलर लावते. आधी फोन द्या तो. नवीनला लावते... हॅलो, नवीन? ऐक. मी आई. तुझ्या बापाचं डोकं एकदम ठिकाणावर शे. हो, मी देखला. मी स्वतः, या डोळ्यांनी. गनीभाऊंची अर्शी बी होती. ते मशीनमध्येच होतं, तिनं काढलं. डॉक्टरचं राहू दे. कुलूप बी राहू दे... नही, तू ये की. रविवारी ये, शेवभाजी करते. पण न्यायला नको येऊ. अन् हे बघ, न्यायचंच मनात असेल ना, तर आम्हाला दोन दिवस समुद्राला ने. हो, समुद्राला. यांचं राहून गेलं शे.

तोताराम: कुंदा.

कुंदाबाई: थांब रे, हे काहीतरी सांगतात. काय?

तोताराम: परतीचं रिझर्वेशन आधी कर म्हणावं.